धक्क्याचे बोल्ट

सही करून विमलनं कागद गिरिराजजींच्या दिशेनं सरकवला, "ठीक है जी, जैसा आप कहें," म्हणाली, आणि केबिनचं काचेचं दार ढकलता ढकलता तिला वाटलं, हे वाक्य दुसरंच कुणीतरी बोललं. आवाज तिचाच होता. हिंदीही तिचीच, अठरा वर्षं याच कारखान्यात बोलून बोलून गुळगुळीत झालेली. पण वाक्याच्या तळाशी जो सूर होता, मान खाली घालून, समोरच्याच्या चपलांकडं बघत बोलायचा, तो तिचा नव्हता. तो तिनं ऐकलेला होता. कुठं, हे आठवायच्या आधीच तिच्या तळहातांना घाम फुटला, आणि बाहेर जयपूरची मे महिन्यातली अकरा वाजताची झळ तोंडावर आली तेव्हा तो घाम थंड लागला.

तसं पाहिलं तर झालं होतं एवढंसंच. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात नऊ नंबरच्या रस्त्यावर गिरिराजजींचा लोखंडाला जस्त चढवायचा कारखाना. विमल तिथली केमिस्ट. टाक्यांमधल्या ॲसिडचा जोर बघायचा, वितळलेल्या जस्ताचं तापमान बघायचं, तयार मालावर थर किती जाड बसला ते मोजायचं आणि तसं प्रमाणपत्र लिहून खाली सही करायची. या महिन्यात कोकणातल्या एका बंदराचं काम होतं. तिथला धक्का, ज्याला आता सगळे जेटी म्हणतात, गेल्या वर्षीच्या वादळानं निम्मा उखडला होता आणि पाऊस लागायच्या आत तो पुन्हा उभा करायचा होता. खांबांना कवळून धरणारे लोखंडी पट्टे, आणि ते पट्टे आवळणारे सहाशे बोल्ट. बोल्ट वितळलेल्या जस्तात बुडवून काढले की त्यांच्यावर राखाडी, निस्तेज, जाड थर बसतो. तो चाटून संपवायला समुद्राला वर्षं लागतात. पण दोनशे बोल्टांचे आटे बिघडले, ते बाद करावे लागले, आणि गिरिराजजींनी तेवढे बाजारातून तयार आणले. तेही जस्ताचेच, पण विजेनं चढवलेल्या जस्ताचे, चांदीसारखे चकचकीत. विमलनं सकाळी त्यांच्यावर मोजायचं यंत्र टेकवलं. बंदराला हवा होता पंचावन्न मायक्रॉनचा थर. यंत्रानं आठ दाखवले. माणसाच्या केसाच्या नवव्या हिश्श्याएवढे.

जयपुरात तो बोल्ट वीस वर्षं असाच चमकत राहिला असता. या गावात लोखंड गंजत नाही, हे तिला इथं आल्यावर पहिल्या वर्षी कळलं होतं, आणि ते तिला कुठंतरी फसवं वाटलं होतं. नवऱ्याला मिळालेल्या रेल्वेच्या क्वार्टरमागं कुणीतरी टाकून दिलेली सायकल तीन वर्षं उन्हात पडून होती, तिच्यावर धूळ बसली, रंग उडाला, पण गंज चढला नाही. तिच्या कोकणातल्या माहेरी खिडकीचा गज दर दिवाळीला खरवडावा लागे. तिथं हवाच लोखंड खाते. इथल्या माणसांना हे सांगून समजत नाही. ते मान डोलावतात, पण त्यांच्या जिभेवर मीठ आलेलं नसतं. गिरिराजजीही तिचं बोलणं नीट ऐकून घेऊन मग शांतपणे म्हणाले होते की त्या पाच पेट्या तळाला ठेवू, वरून उघडतील तेव्हा चांगलाच माल दिसेल. तिकडचा इंजिनीअर रोज दोनदा फोन करतो. ट्रक चारला निघाला नाही तर त्याची ओहोटी चुकेल आणि धक्का अर्धामुर्धाच पावसात उभा राहील. "विमलजी, बोल्ट ना होने से तो कैसा भी बोल्ट अच्छा." यात तथ्य नव्हतं असं नाही. आणि गिरिराजजी वाईट माणूस नव्हते. तिच्या मुलीला, गौतमीला, डेंग्यू झाला होता तेव्हा त्यांनी न विचारता आठवड्याची रजा दिली होती, स्वतः नारळ घेऊन दवाखान्यात आले होते. वाईट माणूस असता तर सगळं सोपं झालं असतं. तिनं पेन उचललं.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या शेडमधली एक खोली, एक कूलर, एक बेसिन. विमलनं दार लावून घेतलं आणि बेसिनशी जाऊन हात धुतले. मग पुन्हा धुतले. आणि पाण्याखाली तळवे धरून उभी असताना तिला तो सूर कुणाचा ते आठवलं. आठवलं असं म्हणणंही खरं नाही. ते तिला माहीतच होतं, दाराबाहेर येऊन थांबलेल्या माणसासारखं. तिच्या वडिलांचा. सुखदेव, तिचा आबा, धक्क्याच्या दुरुस्तीवरचा गडी. ठेकेदाराच्या टोळीत वीस वर्षं काढली त्यानं. कुजलेल्या फळ्या काढायच्या, नव्या ठोकायच्या, खांबांना डांबर फासायचं, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून खालचे बोल्ट आवळायचे. आबाचे हात खाऱ्या पाण्यानं भेगाळलेले असत, आणि भाकरी मोडताना त्या भेगांत पीठ बसे. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतल्या इतरांपेक्षा त्याला काम बरं होतं, बारमाही होतं, आणि त्या कामाचा त्याला एक गप्प अभिमानही होता. गावातून येणारा-जाणारा, खालचा-वरचा, ज्याच्या ओटीवर आबाला कधी बसायला मिळालं नव्हतं तोसुद्धा, लाँचमधून उतरला की पहिलं पाऊल आबानं ठोकलेल्या फळीवर टाकी.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा नोव्हेंबरात वादळ झालं आणि धक्क्याचं पुढचं टोक मोडून लोंबकळलं. जानेवारीत दुरुस्ती निघाली. ती डबा घेऊन गेली तर आबा एका तेलाच्या पिंपाशी उकिडवा बसून तारेच्या ब्रशानं बोल्ट घासत होता. जुने बोल्ट. कुठल्यातरी दुसऱ्या धक्क्यावरून काढून आणलेले. घासले की तांबडा भुगा पडे, मग तो बोल्ट गरम डांबरात बुडवे, आणि बाहेर काढला की काळाभोर, नवाकोरा दिसे. तिनं एक हातात घेतला होता, अजून डांबरात न बुडवलेला. त्याचे आटे बोटाखाली लागतच नव्हते. विरघळत आलेल्या खडीसाखरेसारखे गोल झाले होते. तिनं विचारलं, "आबा, हे जुने ना?" आबानं मुकादमाच्या दिशेनं पाहिलं. मुकादम लांब सावलीत उभा होता, त्याला ऐकूही गेलं नसतं. तरी आबा मान खाली घालून, तिच्या पायांकडं बघत म्हणाला, "मी हुकमाचा माणूस. ते म्हणतात नवे, तर नवे." आणि डबा उघडून जेवायला बसला. बोटांना डांबराचा वास होता, सुक्या बोंबलाचा वास होता, आणि वाऱ्यावर तो तांबडा भुगा उडून तिच्या शाळेच्या परकरावर बसला. घरी आईनं तो धुतला तरी डाग गेले नाहीत.

ऑगस्टात, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात पडल्या त्या आठवड्यात, यमुना नावाची एक कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन होडीतून धक्क्यावर चढली. फळी खालून सुटली. ती सरळ खाली गेली आणि तिचा उजवा पाय होडीची कड आणि तुळई यांच्यामध्ये सापडला. तालुक्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला. अठ्ठावीस वर्षांची बाई, दोन पोरं पदरात. मग चौकशी झाली, शाळेच्या खोलीत, कारण गावात बाकं असलेली तेवढीच जागा. पोरांना सुटी दिली होती, तरी विमल खिडकीखाली बसून राहिली होती. एक साहेब प्रश्न विचारत होता, एक जण लिहून घेत होता. मुकादमानं सांगितलं की होडी नीट बांधलेली नव्हती, बाई घाईनं चढली, उडी मारल्यासारखी. होडीवाला म्हणाला बांधली होती. मग आबाला बोलावलं. बोल्ट कसे होते, साहेबानं विचारलं. खिडकीखाली बसलेल्या विमलला आबा दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता, आणि त्या आधीची शांतता. तिनं ती शांतता मोजली होती, एक, दोन, तीन, करत नवापर्यंत. मग आबा म्हणाला, "साहेब सांगतील तसं." खोलीत कुणीतरी हसलं. साहेबानं पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चांगले होते." आणि कागदावर लिहिलं गेलं की बाईनं घाई केली.

आबाला काही म्हणायचा आपल्याला हक्क नाही, हे विमलनं स्वतःला आयुष्यभर बजावलं होतं. त्याचं काम गेलं असतं. वस्तीतल्या माणसानं ठेकेदाराविरुद्ध तोंड उघडलं तर पुढच्या वर्षी टोळीत कुणाकुणाला घेतलं नसतं, हेही तिला मोठेपणी कळलं होतं. त्याच पैशावर ती शिकली, रत्नागिरीला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाली. सगळं खरं. पण त्यानंतर आबा बाजारात जायला लांबच्या वाटेनं जाऊ लागला, कारण जवळची वाट यमुनाकाकीच्या दारावरून होती. आणि यमुनाकाकी दारात बसून मासळी विकायची, कुबडी शेजारी उभी, आणि शाळेतून धावत येणाऱ्या पोरींना हाका मारून सांगायची, "घाई करू नका गो. मी घाई केली, माजं बघा काय झालं." हसत सांगायची. ती बाई स्वतःलाच दोष देत होती, आणि विमल तिच्यासमोरून चालत जात होती, दप्तर छातीशी धरून, हळू, अगदी हळू. बेचाळीस वर्षं झाली. आबा जाऊन चौदा. मरताना त्याला धाप लागायची, बोलणं जमत नव्हतं, आणि ती उशाशी बसली होती तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती, की आता तरी बोल. तो बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. म्हणजे तीही बोलली नाही. हा हिशोब तिनं आजवर कधी असा समोर ठेवला नव्हता: त्यांच्या घरात बोल्टांबद्दल साक्षीदार दोन होते, आणि दोघांनीही तोंड बंद ठेवलं.

नळ अजून चालू होता. विमलनं तो बंद केला आणि ओल्या हातांनीच केबिनकडं गेली. गिरिराजजी फोनवर होते. तिनं त्यांचं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली नाही. म्हणाली की तो कागद परत द्या, मी चुकीची सही केली. गिरिराजजींनी फोन हातानं झाकला. त्यांना राग आला नाही, नवल वाटलं. अठरा वर्षांत ही बाई त्यांच्या बोलण्याच्या मध्ये कधी आली नव्हती. कागद फाइलमध्ये लागला, म्हणाले, फाइल ट्रकवाल्याकडे गेली. ते दोनशे बोल्ट जस्ताच्या भट्टीतून काढून द्या, ती म्हणाली, दीड दिवसाचं काम आहे. भट्टीवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या विजेच्या खांबांचा माल चालू आहे, ते म्हणाले, परवापर्यंत मोकळी नाही. मग आपण बंदरवाल्यांना सांगू की चारशेच पाठवतो. यावर गिरिराजजींनी फोन ठेवून दिला.

"आप क्यों परेशान होती हैं? साइन आपका है, पर माल तो मेरा है," ते म्हणाले. वर त्यांनी समजावून सांगितलं की तिथला समुद्र तुमच्या गावाचाही नाही.

"नाही," विमल म्हणाली. "मेरे गाँव का नहीं है." आणि याच गोष्टीनं तिचं डोकं एकदम साफ झालं. ते बंदर तिनं पाहिलेलं नव्हतं. तिथं तिचं कुणी नव्हतं. कुणा अनोळखी बाईचा पाय, तिचं नावही कधी कळणार नाही अशा बाईचा. आपल्या माणसासाठी कुणीही बोलतं.

मागच्या अंगणात पेट्या ट्रकपाशी रचून ठेवल्या होत्या. जेवणाची सुटी व्हायला थोडा वेळ होता. टाक्यांवरची यारी, म्हणजे क्रेन, चालवणारा भंवरलाल पानाची पिचकारी टाकायला बाहेर आला होता. साधारण तिच्याच वयाचा, सीकरकडचा माणूस. विमलनं त्याला पाच पेट्या दाखवल्या आणि सांगितलं की या उघडून बास्केटमध्ये ओत. तो पेट्यांकडं बघून म्हणाला, "मैडम, ये तो पैक हो गया." ती म्हणाली, "मुझे पता है. मेरा नाम लेना. कोई पूछे तो बोलना मैडम ने करवाया." भंवरलालनं तिच्या तोंडाकडं क्षणभर पाहिलं आणि पहार आणायला गेला. फळ्या उचकटल्या, बोल्ट बास्केटमध्ये पडले तेव्हा त्यांचा आवाज उत्सवातल्या झांजांसारखा झाला, आणि उन्हात ते इतके चमकले की तिला डोळे बारीक करावे लागले. कुणालाही मोह पडावा असा माल. राखाडी बोल्ट त्यांच्यापुढं गरीब दिसत होते.

बास्केट ॲसिडच्या टाकीवर आलं. भंवरलालनं बटणांचा खोका हातात धरला आणि थांबला. त्याला कळत होतं की हे पुन्हा मागं घेता येणारं काम नाही. ॲसिडमध्ये गेलं की जस्त उतरणार आणि उघडं लोखंड उरणार, मग ते कुणी कुठंही पाठवू शकणार नाही. त्याचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. विमलनं तो खोका त्याच्या हातातून घेतला. तिच्या मनात मोठं काही आलं नाही. नाकात फक्त ॲसिडची ती रोजची, घसा खवखववणारी वाफ होती. तिनं बटण दाबलं. साखळी कुरकुरत खाली गेली. पहिला थर बुडाला आणि टाकी खदखदून उठली, पांढरा फेस काठापर्यंत चढला, सों सों करत, जणू टाकीच्या तळाला काहीतरी जागं झालं होतं. दोन मिनिटं. तीन मिनिटं. मग फेस बसत गेला. तिनं बास्केट वर उचललं तेव्हा चांदी गेली होती. काळपट, करडे, उघडेनागडे बोल्ट पाणी गाळत लोंबत होते. नुसतं लोखंड. ते पाहून तिला इतकं हलकं वाटलं की तिनं टाकीचा कठडा धरला.

तोवर गिरिराजजी आले होते. कुणीतरी पळत जाऊन सांगितलं असणार. ते बास्केटकडं पाहत राहिले, मग तिच्याकडं. ओरडायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण अंगणात दहा-बारा माणसं उभी राहून बघत होती. "पागल हो गई हैं आप?" ते हलक्या आवाजात म्हणाले.

"पहले थी," विमल म्हणाली. "ग्यारह बजे. अब नहीं हूँ."

"मैं आपको अभी के अभी निकाल सकता हूँ."

"निकालिए. लेकिन भट्टी खाली करवाइए. मैं ये काम पूरा करके जाऊँगी."

आणि ती हलली नाही. खोका तिच्या हातात होता, त्यामुळं यारीही हलू शकत नव्हती, आणि यारी हलली नाही तर खांबांचा मालही पुढं सरकत नव्हता. हे तिनं योजलेलं नव्हतं. उभी असताना तिच्या ध्यानात आलं आणि मग तिनं खोका आणखी घट्ट धरला. ऊन डोक्यावर आलं. गिरिराजजींनी घड्याळ पाहिलं, ट्रककडं पाहिलं, ते काळे बोल्ट पाहिले. व्यापारी माणूस, झालेलं नुकसान आणि होणारं नुकसान यांच्यात कुठं थांबायचं ते त्यांना कळत होतं. ते भंवरलालला म्हणाले, खांब बाजूला घ्या. मग ते आत निघून गेले.

सगळं करायला ती दुपार आणि दुसरा पूर्ण दिवस लागला. बोल्ट धुतले, क्षारांच्या पाण्यातून काढले, जस्तात बुडवले, गरगर फिरवून जादा जस्त झटकलं, थंड पाण्यात टाकले. जाड थर बसला की नट चढत नाहीत म्हणून दोनशे नटांचे आटे पुन्हा मोठे करून घ्यावे लागले. विमलनं प्रत्येक पेटीतले दहा-दहा बोल्ट मोजले. साठ, अठ्ठावन्न, त्रेसष्ट. नवं प्रमाणपत्र लिहिलं आणि त्याखाली आपल्या हातानं एक ओळ घातली, की काल याच मालासाठी मी दिलेलं प्रमाणपत्र खोटं होतं, ते रद्द समजावं. मधल्या वेळात बंदरावरच्या इंजिनीअरला फोनही केला. निनाद नावाचा तरुण मुलगा, मराठी ऐकून आधी खूश झाला, मग सगळं ऐकल्यावर त्याचा आवाज बदलला.

"बाई, तुम्हाला कल्पना आहे का, माझी अमावस्येची ओहोटी चुकणार. खालची रांग पाणी पूर्ण उतरल्याशिवाय बसत नाही. परत पंधरा दिवसांनी, म्हणजे पावसात."

"मला कल्पना आहे," विमल म्हणाली. "मी ओहोटीला डबे पोचवलेत. पण आठ मायक्रॉनचे बोल्ट तुम्ही बसवले असतेत ना, तर या पावसात टिकले असते आणि पुढच्या पावसात सुटले असते. तेव्हा वर कोण असेल ते आपल्याला माहीत नाही."

"पाठवा," तो म्हणाला. "पण मी तुमचे आभार मानणार नाही. आत्ता नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघाला आणि दुपारी विमल आपला डबा, छत्री आणि एक जुनं कॅल्क्युलेटर पिशवीत घालून स्कूटीवर बसली. गिरिराजजी केबिनमधून बाहेर आले नाहीत. जवाहर नगरात घरी पोचली तेव्हा नवरा रणजीत रेल्वेच्या यार्डातली सकाळची पाळी करून येऊन बसला होता. मुलगी गौतमी कॉलेजातून आली होती. विमलनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गौतमीचे डोळे मोठे झाले. "आई, मतलब, तू खरंच सगळं ॲसिडमध्ये टाकून दिलं?" रणजीत मात्र चहाचा कप फिरवत राहिला. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं.

"मला आधी फोन करायचास," तो म्हणाला.

"तू म्हणाला असतास, जाऊ दे."

"हो. म्हणालो असतो." त्यानं कप ठेवला. "म्हणून नाही केलास, हे बरं झालं." मग म्हणाला, "पण तुला एवढं काय लागलं होतं त्या बोल्टांचं, ते मला अजून कळलं नाही." आणि विमलच्या लक्षात आलं की सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं या माणसाला यमुनाकाकीचं नाव सांगितलेलं नव्हतं.

जूनच्या शेवटी निनादचा फोन आला. ओहोटी पुरती चुकली नाही, तिच्या शेवटच्या दिवसांत खालची निम्मी रांग बसली, उरलेली पावसात बसवताना एका गड्याच्या हाताचं बोट चिरडलं, हेही त्यानं सांगितलं. तिच्यापासून लपवायचं कारण नव्हतं. त्या बोटात आपलाही वाटा आहे, हे तिनं नाकारलं नाही, आणि तरी आपण पुन्हा बटण दाबू, हेही तिला त्याच वेळी स्वच्छ कळत होतं. मोठं वादळ आलं नव्हतं, लहान दोन येऊन गेली होती. धक्का उभा होता. "बोल्ट चांगले आहेत," निनाद म्हणाला. तेवढंच. दुपारची वेळ होती, कूलरचं पाणी टपटपत होतं, रणजीत कामावर होता. मग तिनं गावी चुलतभावाला फोन लावला आणि एक नंबर मागून घेतला. तो म्हणाला, कशाला, म्हातारी आता फारशी कुणाला ओळखत नाही. तिनं नंबर लिहून घेतला.

फोन यमुनाकाकीच्या सुनेनं उचलला, पार्वतीनं, आणि म्हातारीच्या कानाला लावला. आवाज अजून खणखणीत होता. ओळख पटायला थोडा वेळ लागला. "सुखदेवची विमल? ती दिल्लीला असते ती?" जयपूरला, विमल म्हणाली. बोलायला सुरुवात कुठून करायची ते तिनं ठरवलं होतं, ते सगळं विसरली. म्हणाली, "काकी, तुमचा पाय गेला ना, त्या धक्क्याचे बोल्ट जुने होते. गंजलेले. आबानं डांबर लावून बसवले होते. त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं, मी हातात घेतलेला होता एक. चौकशीत आबा खोटं बोलला. तुम्ही घाई केली नव्हती, काकी."

पलीकडून काहीच आलं नाही. विमल मोजत बसली नाही. लांब कुठंतरी कोंबडी ओरडत होती, पाऊस पत्र्यावर पडत होता, तो आवाज तिला बारा-तेराशे किलोमीटरवर नीट ऐकू येत होता. तिनं शिव्यांची तयारी केली होती. रडण्याचीही केली होती.

"मी व्हडीतून उतारली ती हलू उतारली," म्हातारी शेवटी म्हणाली. कुणाला समजावून सांगतेय असं. "पाटी भरलेली व्हती. भरलेल्या पाटीनं कोन घाय करील?"

"नाही करणार, काकी."

"मी सगल्यांना सांगत ऱ्हायले. माज्या पोरांना, नातवांना. घाय केली म्हनून." श्वास जोरात आला-गेला. मग आवाज एकदम फोनपासून दूर गेला, घरात कुणाकुणाला हाका मारू लागला, मुलाला, नातवांना, शेजारच्या बाईला. भांडी सरकल्याचा आवाज, कुबडीची ठकठक. "पार्वते, ह्ये मोठ्यानं ऐकू येतंय ना, तसं कर. कर म्हनते ना." पुन्हा आवाज जवळ आला, आता त्यात घरभरच्या माणसांचा श्वास मिसळलेला होता.

"आता बोल गो," यमुनाकाकी म्हणाली. "पयल्यापासून बोल. तुज्या बापसाचं नाव घेऊन बोल. सगली बसलीत."

आतल्या खोलीतून गौतमी दारात येऊन उभी राहिली होती. विमलनं तिला हातानं जवळ बसायला सांगितलं. मग उठून कूलर बंद केला, म्हणजे आवाज नीट जाईल, आणि फोन तोंडासमोर धरून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागली. "माझ्या वडिलांचं नाव सुखदेव. त्या वर्षी जानेवारीत धक्क्यावर जे बोल्ट बसले, ते त्यांनी बसवले."